बाटलीतला मलेरिया आणि आम्ही चौघं

लॅबच्या आत भीतीबद्दल बोलायचं नाही, हा आमच्या मॅडमचा नियम. बोललं की हात थरथरतो आणि हात थरथरला की काम जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सगळी भीती पोटात साठते आणि अकराच्या चहाला मागच्या पायरीवर बसलं की एकेक बाहेर पडायला लागते. गेल्या सहा वर्षांत त्या पायरीवर इतके किस्से जमलेत की कुणी नवीन माणूस येऊन बसला तर कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. मग ज्याचा कप आधी रिकामा होतो तो सुरू करतो.

आम्ही चौघंच. मॅडम मूळच्या सांगलीच्या, बोलणं मोजून-मापून. स्नेहल पीएचडी करते, कोयनानगरच्या कॉलनीत वाढलेली. धनाजी अटेंडंट, जत तालुक्यातला. त्याचे वडील अजून मेंढरं घेऊन फिरतात. आणि मी विद्या, टेक्निशियन. आधी अकरा वर्षं एका पॅथॉलॉजीत रक्त तपासायचे. साताऱ्याच्या बाहेर हायवेला लागून एक संस्था आहे, तिच्या मागच्या इमारतीत आम्ही मलेरियाचा जंतू पाळतो. हो, पाळतो. बाटलीत, माणसाच्या रक्तात.

हा जंतू तांबड्या पेशीत शिरतो. पहिल्या दिवशी बारीक अंगठीसारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी फुगतो, आणि दोन दिवस भरले की पेशी फोडून एकाचे पंधरा-वीस होऊन बाहेर पडतो. बाटलीत लहान-मोठे सगळे एकात एक. औषध कोणत्या वयाच्या जंतूला मारतं हे बघायचं, तर मोठे वेगळे आणि लहान वेगळे लागतात. हे निवडणं म्हणजे आमची नोकरी. पॅथॉलॉजीत मी हे जंतू हजारदा पाहिले होते, पण काचेवर वाळवलेले, रंगवलेले, मेलेले. इथं पहिल्यांदा जिवंत पेशी डोळ्यांदेखत फुटताना पाहिली. त्या दिवशी घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय मी लेकीला जवळ घेतलं नाही.

*

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. ईशान्येत पोस्टिंगवर असताना त्यांना मलेरिया झाला होता, डोक्यात चढलेला. तीन दिवस त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. मी रहिमतपुरात सासूबाईंजवळ होते, पोटात लेक होती. युनिटमधून फोन यायचा आणि पलीकडचा माणूस फक्त 'धीर धरा' म्हणायचा.

म्हणून ही नोकरी लागली तेव्हा मी त्यांना 'रक्ताची लॅब आहे' एवढंच सांगितलं. महिनाभर खपलं. मग एकदा पाऊस होता म्हणून ते मला घ्यायला थेट दारापर्यंत आले आणि दारावरचा मलेरियाचा बोर्ड त्यांनी वाचला. घरी आले, जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि ताट पुढं सारलं.

"ज्यानं मला न्यायला धरलं हुतं, त्याला तू रोज जेवू घालतीस?"

आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. नवव्या दिवशी ते स्वतःच लॅबवर आले आणि मॅडमना म्हणाले, मला तो बघायचाय. मॅडमनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, मायक्रोस्कोपखाली एक रंगवलेली काच लावून दिली. आमचे हे बराच वेळ डोळा लावून बसले. मग वर न बघताच विचारलं, मला झालेला तो ह्यातलाच का. मॅडम म्हणाल्या, ह्याच जातीचा.

"एवढंसं हाय व्हय," ते म्हणाले.

एवढंच बोलून उठले आणि बाहेरच्या नळावर हात धूत उभे राहिले. कशालाही हात लावला नव्हता, तरी बराच वेळ धूत होते.

*

या जंतूला हवा कमी लागते. त्यासाठी गॅसचं सिलिंडर असतं, पण ते वेळेवर आलं नाही तर आम्ही जुनी पद्धत करतो. जाड काचेच्या बरणीत जंतूंच्या उथळ बश्या ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. मेणबत्ती आपोआप विझली की समजायचं, आतली हवा आता जंतूला हवी तशी झाली.

धनाजी ती बरणी घासून-पुसून देतो, मेणबत्तीही तोच पेटवतो. पण झाकण लागलं की पाठ फिरवतो. पेटवलेला दिवा विझायची वाट बघत बसणं त्याला सोसत नाही. पहिल्या वेळी त्यानं मला विचारलं होतं, "ताई, आपुन हितं कुणासाठी थांबलोय?" मी म्हटलं, जंतूंसाठी. आजही तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि विचारतो, झाली का शांत? विझली का, असं तो म्हणत नाही.

*

धनाजीला रक्त बघवत नाही. मेंढरू व्यायलं तरी तो लांब उभा राहणारा माणूस, आणि पोटासाठी आला रक्ताच्या लॅबमध्ये. एकदा साताऱ्यात ओ गटाची पिशवी मिळेना. सांगलीच्या ब्लड बँकेत मुदत संपत आलेली एक पिशवी आहे, संशोधनाला देतो, असा निरोप आला. स्नेहलच्या बाटल्यांना तेव्हा नवं रक्त मिळालं नसतं तर दोन दिवसांत सगळे जंतू मेले असते. चार महिन्यांचं काम. धनाजीला बर्फाचा डबा देऊन एसटीनं पाठवलं.

येताना डबा मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? ह्याला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, रक्त हाय. झालं. शेजारचा माणूस उठून मागं गेला, मग त्याच्या मागचा. एक म्हातारी मावशी तेवढी बसून राहिली.

एप्रिलचं ऊन होतं आणि पेठ नाक्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. दुसरी गाडी यायला तास लागेल म्हणाले. अर्ध्या तासात डब्याच्या कडेनं पाणी ठिबकायला लागलं. धनाजीनं मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. बर्फ वितळला तर पिशवी जाईल, पिशवी गेली तर स्नेहलचं काम जाईल, आणि बर्फ भरायचा म्हणजे डबा उघडायला लागणार. मी म्हटलं, जवळ रसवंती बघ.

रसवंती सापडली. रसवाल्यानं बर्फाची लादी फोडून दिली. पण झाकणाला हात लावल्यावर धनाजीनं तोंड फिरवलं. मावशी त्याच्या मागोमाग आलेली होती. तिनं त्याच्या हातातून डबा घेतला.

"डोळं मिट बाबा, मी भरती."

तिनं पिशवीभोवती बर्फ नीट बसवला, झाकण लावलं, पदरानं डबा पुसला आणि विचारलं, कुणाला लागलंय रे एवढं? आता तिला काय सांगणार? धनाजी म्हणाला, "लय जण हायती, मावशी."

मावशीनं डब्याला हात जोडले. दुसरी गाडी आल्यावर दोघं शेजारी बसून कराडपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी पायरीवर हे सांगताना धनाजीनं चहाला तोंड लावलं नाही.

*

आमच्याकडे एक चुंबक आहे. वीतभर लांब, पण ताकद अशी की लोखंडी चिमटा जवळ नेला तर हातातून उडून जातो. जंतू रक्त खातो, पण त्यातलं लोखंड त्याला पचत नाही. त्याचे काळे कण त्याच्या पोटात साठत जातात. त्यामुळे मोठा जंतू पोटात असलेली पेशी चुंबकाला धरून राहते, आणि नुसत्या पेशी, अंगठ्या, सगळं खाली निघून जातं. चुंबकात बसवलेल्या नळीतून तांबडं उतरत जातं आणि मध्ये काळपट तपकिरी तेवढं उरतं. धनाजीनं हे पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाला, आमचा बा मेंढरांच्या वाड्याच्या दारात असाच उभा राहतो. कोकरं टांगेखालनं जाऊ देतो, मोठं अडवतो. मॅडम आता विद्यार्थ्यांना तसंच शिकवतात.

त्या चुंबकाच्या खोलीवर एक चित्र लावलेलं आहे, हृदय आणि त्यावर फुली. धनाजीनं अर्थ विचारला. मॅडमनी सांगितलं, ज्याच्या छातीत ठोक्याचं मशीन बसवलंय त्यानं चुंबकाजवळ जायचं नाही, मशीन चुकू शकतं. तेव्हापासून धनाजी येणाऱ्या प्रत्येकाला दारात अडवून विचारायचा, "आवं, छातीत मशीन हाय का?" कुरिअरवाल्याला विचारलं, पाणी भरणाऱ्याला विचारलं. आम्ही हसायचो.

मग पाहणीसाठी कमिटी आली. तिघंजण, त्यातले मोठे सर सत्तरीचे, तापट. आमचं पुढच्या तीन वर्षांचं काम त्यांच्या सहीवर होतं. मॅडम त्यांना काम समजावून सांगत पुढं चालल्या होत्या आणि सर बोलता बोलता त्यांच्याही पुढं गेले. दारात धनाजी आडवा. सर म्हणाले, बाजूला हो. धनाजीनं त्याचा प्रश्न विचारला. सर भडकले. असले प्रश्न विचारणारा तू कोण? आणि मॅडम, हा कोण माणूस ठेवलाय तुम्ही? मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी धनाजीला नावानं हाक मारली, असा आवाज आम्ही त्यांचा कधी ऐकला नव्हता. धनाजी हलला नाही. दोन्ही हातांनी चौकट धरून उभा राहिला आणि खाली बघत परत तेच विचारलं.

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात आपोआप डाव्या छातीकडे गेला. तिथंच शर्टवरून दोन बोटं ठेवून म्हणाले, गेल्या दिवाळीतच बसवलंय, घरात सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

सह्या बाहेरच्या खोलीत झाल्या. सर जाताना धनाजीला शोधत होते. तो मागच्या पायरीवर डोकं गुडघ्यात घालून बसला होता. आता नोकरी गेली, असं त्याला वाटत होतं.

*

स्नेहल भूकंपाला भीत नाही, असं आम्ही समजत होतो. कोयनानगरात वाढलेल्या पोरीला कसली भीती? तिच्या घरी कपाटं भिंतीला तारेनं बांधलेली. भांडी वाजली की बाहेर पळायचं, हे तिला शाळेत जायच्या आधीच शिकवलेलं.

एक दिवस दुपारी स्नेहल मोठे जंतू वेगळे करत होती. चुंबकाशिवाय दुसरीही एक रीत आहे. दाट पाण्यासारख्या द्रवावर रक्त सोडून नळी गरगर फिरवायची. मग जड पेशी तळाला बसतात आणि मोठे जंतू असलेल्या हलक्या पेशी मध्येच तरंगतात. तपकिरी रेघ दिसते, नखाच्या कडेएवढी. हात जरा हिंदकळला की रेघ मोडली, सकाळपासूनचं सगळं पाण्यात.

तिनं नळी मशीनमधून नुकतीच काढली होती आणि जमीन हलली. आधी काचा वाजल्या, मग वरचे दिवे डुलायला लागले. धनाजी सगळ्यांत आधी बाहेर, त्याच्यामागं मी. मॅडम ओरडत होत्या, बाहेर व्हा. मैदानात आल्यावर बघतो तर स्नेहल नाही.

मॅडम परत आत धावल्या, मागं मी. पोरगी टेबलासमोर तशीच उभी होती. दोन्ही हातांत नळी, कोपरं पोटाशी घट्ट धरलेली, डोळे रेघेवर. कपाटातली एक बरणी खाली पडून फुटली होती, तिच्या पायाशी काचा होत्या. रेघ जिथल्या तिथं होती. मॅडमनी नळी घ्यायला हात पुढं केला तर तिची बोटं सुटेनात. एकेक बोट उलगडावं लागलं. नळी स्टँडवर गेल्यावर मग ती टेबलापासून हलली.

मी तिला नंतर रागावले, पळाली का नाहीस म्हणून. ती म्हणाली, "ताई, पाय उचलत होते. पण हे सांडलं असतं, आणि तुम्ही सगळे परत ह्याच्यातनंच चालत आला असता."

धनाजी मान खाली घालून म्हणाला, धनगर पळाला आणि मेंढरू राखायला राहिलं.

*

शेवटचा किस्सा पायरीवर सहसा कुणी सांगत नाही. मी सांगते.

तपकिरी रेघ नळीतून उचलायला आम्ही बोथट टोकाची लांब सुई वापरतो. त्या दिवशी बोथट सुया संपल्या होत्या. स्नेहलनं साधी, टोकदार घेतली. मॅडम तिच्या शेजारी उभ्या होत्या, मी सिंकपाशी. स्नेहलनं रेघ सिरिंजमध्ये ओढून घेतली, सुई वर काढली, आणि बाहेर कुणीतरी जिन्याचं दार आपटलं. ती दचकली. एकावर एक घातलेल्या दोन हातमोज्यांतून सुई डाव्या हाताच्या बोटात गेली.

स्नेहल सिरिंज तशीच हातात धरून बोटाकडे बघत राहिली. मॅडमनी झटकन तिच्या हातातून सिरिंज काढून घेतली, सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यात टाकली आणि तिला नळाखाली नेलं. मी तिचं बोट साबणानं धूत होते आणि माझ्या मनात एकच होतं. अंगठ्या असत्या तर वेगळं. हे निवडलेले, दाट भरलेले, फुटायला आलेले मोठे जंतू होते. ज्यासाठी आम्ही दिवस घालवतो, तेच नेमकं तिच्या अंगात गेलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. आमच्या बाटलीतल्या जातीला कोणती गोळी लागू पडते हे आम्हाला पाठ होतं, तेवढा आधार. पण चार आठवडे रोज स्लाईड बघा म्हणाले. स्नेहलनं घरी कळवलं नाही. आई कोयनेहून पहिल्या गाडीनं येईल आणि पायाशी बसून राहील, ते मला बघवणार नाही, म्हणाली.

मग रोज सकाळी साडेनऊला स्नेहल स्टुलावर बसायची, बोट पुढं करायची. मी टोचायचे, काचेवर थेंब पसरायचे, वाळवायचे, रंगवायचे. अकरा वर्षांत किती हजार अनोळखी माणसांच्या स्लाईड मी पाहिल्या असतील, पण ही बघताना डोळ्यांत पाणी यायचं आणि सगळंच अंगठीसारखं दिसायचं. पुसून परत बघायचे. मॅडम समोर उभ्या असायच्या. एक दिवसही चुकला नाही, रविवारीसुद्धा. त्या कधी 'काय दिसतंय' विचारायच्या नाहीत. मी मान वर करून 'स्वच्छ' म्हटलं की जाऊन स्वतःच्या कामाला लागायच्या.

दहाव्या दिवशी स्नेहलला ताप आला. एकशे दोन. त्या दिवशी मी तीन स्लाईड केल्या, दीड तास बघितल्या. धनाजी दाराबाहेर जमिनीवर बसून होता. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला सर्दी झाली, हवा बदलल्यावर होते तशी साधी. तेव्हा धनाजी तिला म्हणाला, शिंक बाई, लय शिंक.

अठ्ठाविसाव्या दिवशीची स्लाईड स्वच्छ निघाली. स्नेहल मला मिठी मारून रडली आणि आईला फोन करायला बाहेर गेली. आता सांगते सगळं, म्हणाली. धनाजी चहा सांगायला गेला.

मॅडमनी दार लावून घेतलं, येऊन स्नेहलच्या स्टुलावर बसल्या आणि उजव्या हाताचा मोजा काढला.

"विद्या, आता माझी काढा."

मला वाटलं, सुटकेच्या भरात चेष्टा करतायत. पण मॅडम चेष्टा करत नाहीत. मी विचारलं, कधी झालं? त्या म्हणाल्या, त्याच दिवशी, सिरिंज काढून घेताना. त्याच सुईनं. गोळ्या घेतल्यात, पुऱ्या केल्यात, असंही म्हणाल्या, आणि हात पुढं धरून राहिल्या.

माझ्या हातून पहिल्यांदा टोचलंच गेलं नाही, दुसऱ्यांदा टोचलं. थेंब पसरला, वाळवला, रंगवला. बाहेरून स्नेहलचा आईशी बोलण्याचा, मध्येच हसण्याचा आवाज येत होता. मी काच लावली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. मग परत उलटी बघितली. काही नव्हतं.

"स्वच्छ," मी म्हटलं. आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, मॅडम, अठ्ठावीस दिवस तुम्ही स्वतःची एकही स्लाईड बघितली नाहीत?

त्यांनी नवा मोजा चढवला, मनगटापाशी नीट ओढला.

"रोज बघत होते की. सुई एकच होती. तुम्ही तिची काच बघायचात, मी तुमचं तोंड बघायचे."